गोदामातला संसार आणि आजीच्या हातातला फोन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच काळजी आहे : इमारत पुनर्विकासाला चालली आहे, घर रिकामं करायचंय, सामान कुठं ठेवू? मुलुंडची आमची इमारत पाडली तेव्हा मीही याच काळजीत होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काम केल्यामुळे ओल कागदाचं आणि कापडाचं काय करते हे मला चांगलं माहीत होतं, तरी काही वस्तू मी कायमच्या गमावल्या. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. बाकी पत्रं फोन आणि इंटरनेटबद्दलची आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार. घरात आम्ही दोघंच, मी ६७ वर्षांची आणि हे ७३. नौपाड्यातली आमची सोसायटी दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. बिल्डरनं तीन वर्षं सांगितली आहेत. भाड्यानं एकच खोली मिळतेय. इथल्या तीन खोल्यांत सासूबाईंपासूनचं सगळं आहे : सागवानी कपाट, तांब्या-पितळेची भांडी, दोन पैठण्या, चारशेच्या वर पुस्तकं, फोटोंचे नऊ आल्बम, कापसाच्या सहा गाद्या, फ्रीज. भिवंडीजवळ एका ठिकाणी सामान ठेवायला महिना साडेचार हजारांत गाळा मिळतोय, कुलूप आपलं आपणच लावायचं. मुलगी टोरांटोला असते. ती म्हणते, आई, सगळं काढून टाक. मला ते जमणार नाही. सामान तिथं नीट राहील का?
– सौ. वि. म., ठाणे

विमलताई म्हणू की विजयाताई, पत्रात तुम्ही आद्याक्षरच लिहिलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. ताई, आधी हिशेब करू. साडेचार हजारांप्रमाणे छत्तीस महिन्यांचे १,६२,००० रुपये होतात. त्यावर कर वेगळा आहे का ते विचारून घ्या. तीन वर्षं हा बिल्डरचा आकडा आहे, आम्हाला नव्या घराची किल्ली मिळायला चार वर्षं दोन महिने लागले. तेव्हा भाडं दरवर्षी किती वाढणार हेही आत्ताच लिहून घ्या. एवढे पैसे भरून ज्या वस्तू ठेवाव्यात अशा तुमच्या यादीत कपाट, भांडी आणि पुस्तकं आहेत. बाकीच्यांचा वेगळा विचार करू.

गाद्या ठेवू नका. कापूस हवेतली ओल पितो आणि धरून ठेवतो. एका पावसाळ्यात त्यांना कुबट वास लागतो, दुसऱ्यात उंदीर घर करतात. दोन गाद्या भाड्याच्या घरात वापरायला न्या, उरलेल्या चार आत्ताच कुणाला तरी देऊन टाका. नव्या घरात नव्या भरून घेता येतील. पैठण्या, आल्बम आणि देव कुठल्याही गोदामात जाता कामा नयेत. ते तुमच्याबरोबर त्या एका खोलीत येतील. देव्हारा गोदामात ठेवा, देव बरोबर न्या.

जागा अजून पक्की केली नसेल तर पाऊस आहे तोवरच बघून या. हे मी अगदी कळकळीनं सांगते. उन्हाळ्यात प्रत्येक गोदाम कोरडं दिसतं. सप्टेंबरमध्ये एखाद्या सरीनंतर जा, गाळ्याचं शटर उघडायला लावा आणि आत जाऊन दोन मिनिटं नुसतं उभं राहा. ओल आधी नाकाला कळते. भिंतीच्या तळाशी पांढरट खार फुटलाय का, पाण्याची रेघ दिसतेय का, डोक्यावर पत्रा आहे की स्लॅब, हे बघा. शेजारच्या गाळ्यांत काय ठेवलंय तेही विचारा. रंग, थिनर, रसायनं असतील तर तिथं थांबूच नका. तिथली आग तुमच्या सागवानी कपाटापर्यंत यायला वेळ लागणार नाही.

तळमजला घेऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ठाणे-कल्याण पट्ट्यात तळमजल्यावरच्या किती घरांत पाणी शिरलं ते तुम्ही पाहिलंच असेल. भिवंडीला तर कामवारी नदी आहे. पहिल्या मजल्यासाठी महिना दोन-तीनशे जास्त पडले तरी द्या, पण सामान वर-खाली न्यायला मालाची लिफ्ट आहे याची खात्री करून घ्या.

आता माझी चूक सांगते. आईची तीन नऊवारी लुगडी होती, एक जरीच्या काठाचं. मी ती प्लास्टिकच्या जाड पिशवीत घातली, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि ती ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवली. आठ महिन्यांनी उघडली तेव्हा काठाची जर काळी पडली होती आणि घडीच्या रेषेवर पिवळे डाग होते. जिथं गोळी कापडाला चिकटली होती तिथं डाग सगळ्यात गडद होता. गोदामवाल्यांकडे गेले, तर त्यांनी करारातलं चौथं पान उघडून दाखवलं : ओल, वाळवी आणि उंदरांपासून झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्यांची नव्हती. खाली माझी सही होती. ते पान मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. भाडं थकलं तर सामानाचं काय करतील, गाळा उघडायला किती वाजेपर्यंत येता येतं आणि तुमच्याऐवजी आणखी कुणाला उघडता येईल, हेही त्याच कराराच्या पोटात असतं. तुम्हा दोघांशिवाय तिसरं एक नाव त्यात घालून घ्या. आपल्या वयात हे लागतं.

पैठणीला प्लास्टिक नको. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, गोळी ठेवायचीच तर कापडाला लागू देऊ नका, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. पैठणी बरोबर ठेवायची ती यासाठीच, गोदामात जाऊन घडी कोण बदलणार? आमच्या आईच्या पेटीत वेखंड असायचं. त्याचा वासही बरा आणि डागही पडत नाहीत.

पुस्तकांबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं. मोठ्या खोक्यात भरू नका. हमालाला उचलवत नाही, मग तो ते टाकतो आणि पुस्तकाची पाठ मोडते. दहा-बारा किलोंत मावतील अशी लहान खोकी घ्या. पुस्तकं आडवी किंवा पाठीवर ठेवा, तोंडावर, म्हणजे उघडणारी बाजू खाली करून, उभी करू नका, तशात पानांचं वजन बांधणीवर येतं. मध्ये वर्तमानपत्र घालू नका, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानाला पिवळं करतं. भरण्याआधी प्रत्येक पुस्तक झटका. एखाद्यात कागद खाणारी कसर किंवा बारीक भोकं दिसली तर ते पुस्तक वेगळं काढा, घट्ट बंद केलेल्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं पुस्तक खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, नाहीतर पानांवर दव धरतं. ग्रंथालयात आम्ही एका कसर लागलेल्या पुस्तकामुळे अख्खं कपाट बाहेर काढलेलं आहे.

तुमची सोसायटी दिवाळीनंतर रिकामी होतेय हे तुमचं नशीब. नोव्हेंबर-डिसेंबरची हवा कोरडी असते. पावसात सामान भरलं की हवेतली ओलही खोक्यात बंद होते आणि आतच राहते. भरण्याआधी दोन दिवस भांड्यांना, ट्रंकांना, कपाटाच्या खणांना ऊन दाखवा. पितळी भांडी चिंचेनं घासून, कोरडी पुसून, उन्हात ठेवून मग कागदात गुंडाळा. लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून, वास जाईपर्यंत धुवा आणि झाकणं वेगळी ठेवा. मसाल्याचा वास राहिला की उंदीर तो शोधत येतो.

कपाट थेट जमिनीवर ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. फ्रीज आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा आणि दार पूर्ण बंद होणार नाही असं मध्ये फडकं बांधा. दार बंद ठेवलेल्या फ्रीजमध्ये जो वास बसतो तो नंतर जात नाही. इन्व्हर्टरची बॅटरी आणि गॅसचा सिलिंडर कुठल्याही परिस्थितीत गोदामात जाता कामा नये. गॅसचं कनेक्शन एजन्सीत जाऊन नव्या पत्त्यावर बदलून घ्या.

प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना आकडा लिहा आणि वहीत त्या आकड्यासमोर आत काय ते लिहा. मग फोन हातात घेऊन प्रत्येक खोकं बंद करण्याआधी त्याचा फोटो काढा. ट्रक भरतानाचं, कुलूप लावतानाचं चित्रीकरणही ठेवा आणि सगळं मुलीला पाठवा, म्हणजे तुमचा फोन हरवला तरी यादी राहील. ट्रकवाला इंटरनेटवरून शोधणार असाल तर नुसती जाहिरात बघून आगाऊ पैसे भरू नका. त्याचा जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी जीएसटी संकेतस्थळावर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते फुकट कळतं.

आणि मुलीचं. ती "काढून टाक" म्हणते कारण तिथून तिला फक्त ढीग दिसतो. एखाद्या रविवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल लावा, तिच्याकडे तेव्हा सकाळचे दहा असतात. एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरा आणि ती कुणाची, कधीची ते सांगा. आमच्याकडे माझ्या भाचीनं असंच एक पितळी घंगाळ ओळखलं, लहानपणी ती त्यात बसून आंघोळ करायची. ज्या गोष्टी आपण ठेवणारच होतो त्यांतल्या दोन तिनंच "नको ग मावशी" म्हणून सोडवल्या. आल्बममधले फोटो तेवढे आत्ताच काढून घ्या. चिकट पानांच्या आल्बममध्ये फोटो पानाला धरतात. निघत नसतील तर ओढू नका, जागेवरच फोनमधून टिपून ठेवा.

माझ्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे, ५० वर्षांपूर्वीचा. मी गात नाही. आमची गोरेगावची इमारत पाडायला घेतली आहे. तंबोरा ब्लँकेटमध्ये गुंडाळून स्टोरेजमध्ये ठेवला तर चालेल का?
– अ. दे., गोरेगाव

नको, दादा. तंबोऱ्याचा भोपळा हा खरोखरच वाळवलेला कडू भोपळा असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात तो पिकतो आणि मिरजेचे कारागीर त्याच्यावर तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, बसवून, दांडी जोडून तंबोरा घडवतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सरसानं जोडलेले हे सांधे ओलीत सुटतात, उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली तडकतात, आणि वरून एखादं खोकं टेकलं तर भोपळा पिचतो. फुटलेला भोपळा बदलता येतो, पण मग तो वडिलांचा आवाज राहत नाही.

तुमच्या भागात शास्त्रीय गाणं शिकवणारं कुणी तरी नक्कीच असेल. त्यांना दोन-तीन वर्षांसाठी वापरायला द्या. कागदावर दोन ओळी लिहून घ्या, तंबोऱ्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. रोज जुळवला जाणारा तंबोरा कुठल्याही कपाटातल्या तंबोऱ्यापेक्षा चांगला टिकतो. अगदीच कुणी मिळालं नाही तर तारा थोड्या सैल करा, पण इतक्या नाहीत की तारांखालची घोडी पडेल. कापडाची जाड चुंबळ करून भोपळा तिच्यावर टेकवा आणि जिथं तुम्ही राहाल त्याच घराच्या कोपऱ्यात, खिडकी आणि एसीपासून लांब ठेवा.

गोदाम बँकेच्या लॉकरपेक्षा सोयीचं वाटतं. चांदीची भांडी, शेअर सर्टिफिकेट आणि घराची मूळ कागदपत्रं कुलूपबंद ट्रंकेत घालून तिथंच ठेवतो आहे. घराचा विमा आहेच. काही हरकत?
– श्री. प. जो., पुणे

हरकत आहे, आणि मोठी आहे. घरातल्या सामानाचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्याला बांधलेला असतो. सामान दुसऱ्या पत्त्यावर गेलं की विमा कंपनीला लेखी कळवून, तिनं मान्य करून घ्यावं लागतं. गोदामवाल्याचा विमा असला तरी तो कुणाच्या कुठल्या मालाचा आणि किती रकमेपर्यंतचा, हे कागदावर बघा. मौल्यवान वस्तू आणि दस्तऐवज बहुतेक करारांत वगळलेलेच असतात.

बँकेच्या लॉकरचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यांत लॉकरमधल्या वस्तू गेल्या तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत ती नसते, तेव्हा हेही काही पुरतं संरक्षण नाही, पण गोदामापेक्षा कितीतरी बरं. कागदपत्रं आणि चांदी याच आठवड्यात परत आणा.

ताई, मी नाशिकला एकटी राहते, वय ७२. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा-सून पुण्यात. माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे. भिशीतल्या सगळ्या जणींकडे मोठे फोन आहेत. मुलाला म्हटलं मलाही घेऊन दे, तर म्हणाला, "आई, तुला काय करायचंय इंटरनेट? कुणीतरी फसवेल. मी आहे ना सगळं करायला." तो प्रेमानंच म्हणतो. पण मला कळत नाही, या वयात माणसं इंटरनेट वापरतात तरी कशासाठी? मला खरंच गरज आहे का?
– श्रीमती सु. कु., नाशिक

सुनीताबाई, सुमनबाई, नाव काहीही असो, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्या नव्या इमारतीत माझ्या वयाच्या, आणि माझ्याहून मोठ्या बायका काय करतात तेच सांगते, म्हणजे उत्तर मिळेल.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ८१ वर्षांच्या आहेत. त्या सकाळी वर्तमानपत्र फोनवर वाचतात. कारण एकच : अक्षर दोन बोटांनी ताणून मोठं करता येतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना छापील बारीक अक्षर दिसत नव्हतं, वाचन सुटलं होतं. ते परत आलं. शेजारच्या वहिनींच्या बोटांत संधिवात आहे, त्या मराठीत बोलतात आणि फोन ते लिहून काढतो. एक काकू दुपारी कीर्तन ऐकतात. साताऱ्याकडच्या एक आहेत, त्या गावाकडच्या भावकीचा ग्रुप बघतात, कुणाच्या शेतात काय पेरलं, कुणाचं लग्न ठरलं. यांतल्या कुणालाही मोठं काही साधायचं नाही. माणसांत राहायचं आहे.

माझं स्वतःचं सांगते. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी असताना माझा मोठा भाऊ नागपूरला वारला. मी मुलुंडमध्ये, गाड्या बंद. तेराव्याला भाच्यानं फोन समोर खुर्चीवर उभा करून ठेवला आणि दिवसभर चालू ठेवला. भटजींचे मंत्र तुटक ऐकू येत होते, मध्येच चित्र थांबत होतं. पण वहिनी त्या खुर्चीसमोर येऊन बसली आणि आम्ही दोघी काही न बोलता अर्धा तास एकमेकींकडे बघत होतो. त्याच्या आधी मी फोन फक्त बोलण्यापुरता वापरत होते. त्या दिवसानंतर मी तो शिकायला घेतला.

आता तुमच्या कामाचं. यजमानांचं कुटुंब निवृत्तिवेतन तुम्हाला मिळत असेल तर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागत असेल. बँकेत रांग असते, आणि बऱ्याच जणींच्या बोटांचे ठसे आयुष्यभर भांडी घासून इतके झिजलेले असतात की यंत्र ते घेतच नाही. 'जीवन प्रमाण' ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. फोनवर दोन ॲप लागतात, आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक लागतो, आणि उजेडात, चष्मा काढून, फोनसमोर चेहरा धरायचा. काम झालं की संदेश येतो, त्यातला क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. पहिल्या वर्षी मुलाला शेजारी बसवा. दुसऱ्या वर्षी तुम्ही करा आणि त्याला नुसतं दाखवा.

मुलाच्या "मी आहे ना" या शब्दांबद्दल मला मनापासून वाटतं ते लिहिते. तो आहे, आणि असावाच. पण खात्यात पेन्शन जमा झाली का, विजेचं बिल किती आलं, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी कशाची, हे विचारायला दर वेळी मुलाची मीटिंग संपायची वाट बघायची, यात बाई हळूहळू विचारणंच सोडून देते. मी माझ्या सासूबाईंना असं गप्प होताना पाहिलंय. ते तुमचं होऊ नये.

फसवणुकीची त्याची भीती खोटी नाही, तेव्हा तिचीही सोय करून ठेवा. पैसे पाठवण्यासाठी वेगळं खातं काढा, त्यात तीन-चार हजारांच्या वर ठेवू नका आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. पेन्शनचं खातं आणि ठेवी त्यापासून लांब. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. हे एक वाक्य फोनच्या मागच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असा संदेश मलाही आला होता, खाली मोबाइल क्रमांक. मी उठून दाराजवळचं बिल काढून बघितलं, भरलेलं होतं. बँकेचा किंवा कंपनीचा क्रमांक गूगलवर शोधू नका, तिथं खोटे क्रमांक टाकलेले असतात, तो पासबुकावरून किंवा बिलावरून घ्या. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल ओळखीच्याकडून आली तरी आधी त्याला फोन करून विचारा. फोनमध्ये बसवायला सांगणारी पत्रिका ही पत्रिका नसते.

शिकताना दहा दिवसांत एकच गोष्ट शिका. आधी फक्त व्हिडिओ कॉल. तो हाताला बसला की फोटो पाठवणं. मग मराठीत बोलून लिहिणं. प्रत्येक पायरी वहीत आपल्या शब्दांत लिहा, "हिरव्या गोलावर बोट, मग फोनचं चित्र" अशी. मुलं भराभर दाखवतात आणि फोन हातातून घेऊन स्वतःच करून टाकतात. त्यांना सांगा, फोन माझ्या हातात राहू दे, तू नुसतं बोल. भिशीतल्या मैत्रिणींकडून शिकलात तर आणखी चांगलं. त्यांना दमायला होतं तेव्हा त्या थांबतात आणि चहा करतात. आणि कधी एकटीला काही अडलं, कायद्याचं, तब्येतीचं, कुणाच्या त्रासाचं, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी तुमच्या बटणांच्या फोनवरूनही लागते. तो क्रमांक आजच लिहून ठेवा.

बाबा ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेल्या महिन्यात पोलीस असल्याचं सांगून कुणीतरी व्हिडिओ कॉल केला, "तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात" म्हणून दोन दिवस त्यांना खोलीत बसवून ठेवलं. एफडी मोडायला ते बँकेत गेले, तिथल्या बाईंना शंका आली म्हणून पैसे वाचले. तेव्हापासून बाबांनी फोन बंद करून कपाटात ठेवलाय. पूर्वी ते जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायचे, फोनवर बुद्धिबळ खेळायचे. आता दिवसभर खिडकीत बसतात. मी काय करू?
– एक मुलगा, बोरिवली

त्या बँकेतल्या बाईंना पेढे नेऊन द्या, हे आधी. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार केली नसेल तर पैसे वाचले असले तरी करा, किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवा. कॉल कुठल्या क्रमांकावरून आला ते बाबांच्याच फोनमध्ये असेल, तेव्हा तो फोन पुसू नका. तक्रार लिहिताना बाबांना बरोबर बसवा, मजकूर त्यांनाच सांगू द्या. ते शिक्षक आहेत, घडलेलं क्रमानं सांगणं त्यांना जमतं, आणि सांगताना त्यांना ऐकू येईल की चूक त्यांची नव्हती.

डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी हेच लोकांना सांगितलं, एवढी ही फसवणूक पसरली होती. तिच्यात शिकलेली, नोकऱ्या केलेली, कायद्याला मान देणारी माणसंच जास्त सापडतात, कारण पोलिसांचं नाव घेतलं की ती थांबतात, ऐकतात. तुमचे बाबा आयुष्यभर प्रामाणिक राहिले म्हणून घाबरले. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या, एकदा नाही, दोन-तीनदा.

फोन लगेच हातात देऊ नका आणि "आता काळजी घ्या हं" असंही म्हणू नका. त्यांचा एखादा जुना विद्यार्थी तुमच्या ओळखीचा असेल. त्याला विचारा, रविवारी घरी येशील का. घरात लाकडी पट असेल तर काढून पुसून ठेवा. पहिला डाव दोघांनी समोरासमोर खेळावा. तो निघताना म्हणाला, "सर, पुढचा डाव बुधवारी फोनवर मांडू या?" तर कपाटाची किल्ली कुठं आहे हे बाबांना तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.